स्तुत्य असा शेरा

आकडे खोटं बोलत नाहीत असं म्हणणाऱ्या माणसाने आकड्यांबरोबर कधी संसार केलेला नसतो. मास्तरांनी केला होता. सव्वीस वर्षं बँकेत कंपन्यांचे ताळेबंद वाचण्यात गेली आणि नंतरची अकरा ते वाचायला शिकवण्यात. त्यामुळे त्यांना पक्कं ठाऊक होतं की आकडे खोटंही बोलतात आणि खरंही बोलतात. पण खरं बोलतात ते इतक्या हळू आवाजात, की ऐकणाऱ्याला भलतंच ऐकू येतं.

वर्ग दर शनिवारी दुपारी एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली यंत्र सुरू झालं की बाकं थरथरायची आणि फळ्याखालच्या पट्टीवरचा खडू आपोआप घरंगळायचा. अभ्यासक्रमाचं नाव मोठं भारदस्त होतं, 'वित्तीय विवरणांचे गुणोत्तर विश्लेषण'. येणारी माणसं मात्र साधीसुधी असायची. दुकानांचे हिशेब लिहिणारे, बढतीसाठी प्रमाणपत्र हवं असलेले कारकून, आणि यंदा शेअर बाजारात हात पोळून घेतलेले एक दाताचे डॉक्टरही होते.

"एकटा आकडा मुका असतो," मास्तर पहिल्याच दिवशी सांगायचे. "नव्वद लाख नफा झाला. बरं मग? लगेच हुरळून जाऊ नका. त्याच्या शेजारी विक्री बसवा. गेल्या वर्षीचा नफा बसवा. दोन आकडे शेजारी बसवले की भांडायला लागतात, आणि भांडणात माणसं खरं बोलून जातात. गुणोत्तर म्हणजे दुसरं काही नाही, आकड्यांचं भांडण लावून देणं."

"म्हणजे आमच्या आत्याबाई जन्मजात विश्लेषक," दातांचे डॉक्टर म्हणाले होते, आणि वर्ग हसला होता. मास्तरही हसले होते. पहिल्या तीन शनिवारी ते हसायचे. चौथ्या शनिवारी हसायचे नाहीत, कारण चौथ्या शनिवारी 'कंपनी क्ष' असायची.

कंपनी क्षचे कागद ते स्वतः झेरॉक्स करून आणत. तीन वर्षांचा ताळेबंद, तीन वर्षांचं नफातोटा पत्रक. कापड रंगवायचा कारखाना, एवढंच वर लिहिलेलं. आकडे मात्र खरे होते, एका खऱ्या कारखान्याचे. विक्री दहा कोटी, मग अकरा, मग बारा. नफा चाळीस लाख, मग बासष्ट, मग नव्वद. वर्षभरात हाती येण्यासारखं जे आहे ते, वर्षभरात देणं असलेल्याच्या दीडपटीहून जास्त. कर्ज बेताचं. पोरं भराभर गुणोत्तरं काढत जायची आणि खूश व्हायची, कारण इतकी गुणी कंपनी पुस्तकातसुद्धा सापडत नाही.

मग खालच्या कोपऱ्यातली ती ओळ यायची. दुरुस्ती व देखभाल. पहिल्या वर्षी चाळीस लाख. दुसऱ्या वर्षी बावीस. तिसऱ्या वर्षी सहा.

"विक्रीशी प्रमाण काढा," मास्तर म्हणायचे. चार टक्के, दोन टक्के, अर्धा टक्का. "आता नफा किती वाढला? पन्नास लाख. दुरुस्ती किती घटली? चौतीस लाख. म्हणजे पन्नासातले चौतीस कुठून आले?" कुणाच्या तरी लक्षात यायचं, वर्गात चुळबूळ व्हायची. "यंत्रं तीच, काम जास्त, आणि त्यांच्यावरचा खर्च जवळजवळ बंद. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तरी कळायला हवं. कळायला हवं होतं."

पुढच्या शनिवारी ते सांगायचे की चौथ्या वर्षी त्या कारखान्याचा बॉयलर फुटला. सात माणसं गेली. आणि सगळ्यात शेवटी, खडू झटकत, अगदी सहज बोलल्यासारखं म्हणायचे, "बँकेतल्या कुणीतरी ही ओळ बघितली होती. पण तिचा अर्थ उलटा लावला."

तो कुणीतरी म्हणजे मास्तर स्वतः.

आणि यातली खरी वेदना अशी, की एखाद्या आळशी माणसाने ती ओळ बघितलीच नसती. बँकेच्या छापील तक्त्यात दुरुस्तीखर्चाला रकाना नव्हता. मास्तरांनी आपणहून तो खर्च शोधला, आपणहून विक्रीशी त्याचं प्रमाण काढलं, आणि ते घसरताना पाहून त्यांना बरं वाटलं. खर्च कमी, नफा जास्त, यापेक्षा चांगलं काय असतं? शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ मावायची. बाकीचे अधिकारी 'समाधानकारक' लिहून मोकळे व्हायचे. मास्तरांना भाषेची हौस. त्यांनी लिहिलं, 'दुरुस्ती व देखभाल खर्चावरील नियंत्रण स्तुत्य.' मोठे साहेब सही करताना म्हणाले, "तुमचा शेरा म्हणजे शाल आणि नारळच हो." दोघं हसले. कर्जाची मर्यादा वाढवून मिळाली.

स्फोटाची चौकशी झाली. तीत बॉयलर दोषी ठरला, नशीब दोषी ठरलं, मालकाचे वकील हुशार ठरले. मास्तरांचं नाव कुठेच आलं नाही. त्यांना कुणी बोलावलं नाही, दोन शब्द विचारले नाहीत. बोलावलं असतं तर कदाचित माणूस त्या टोचणीतून सुटला असता. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून त्यांच्या घरात कुकर नव्हता. बटाटेसुद्धा पातेल्यात शिजायचे, तास तास. वाफेचा आवाज आला की मास्तर हातातलं काम टाकून दुसऱ्या खोलीत जात. बसचं दार फुसकारलं तरी थबकत. रांगेत उभे राहिले की पुढची माणसं मोजत, आणि सात भरली की रांग सोडून देत. ज्यांना त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं असे सातजण इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात बिनभाड्याने राहत होते.

बायकोला सगळं माहीत होतं. दर तुकडीच्या पाचव्या शनिवारी सकाळी ती म्हणायची, "अहो, आज तरी 'मी' म्हणा. एक अक्षर तर आहे."

"पुढच्या तुकडीला सांगतो."

"दुकानात पाटी असते ना, आज रोख उद्या उधार, तसं चाललंय तुमचं."

मास्तरांकडे स्वतःची समजूत घालायला एक वाक्य होतं. मी आंधळा ठरलो, पण आंधळेपणाने कुणी मरत नाही. मी तो शेरा लिहिला नसता तरी मालकाने दुरुस्ती टाळलीच असती. माझा कागद फायलीत गेला आणि फाईल कपाटात. या एका वाक्याच्या आधाराने ते जेवत होते, झोपत होते, शिकवत होते.

त्या वर्षीच्या चौथ्या शनिवारी उत्तरपत्रिका गोळा करून ते घरी आले आणि रविवारी सकाळी तपासायला बसले. शेवटचा प्रश्न त्यांनीच घातलेला, कुठल्याही पुस्तकात नसलेला: तिसऱ्या वर्षी दर कामगारामागे दुरुस्तीखर्च किती? कामगारसंख्या कागदावर दिलेली, दोनशे चौदा. सहा लाख भागिले दोनशे चौदा, दोन हजार आठशे चार. डॉक्टरांचं बरोबर. कारकुनांचं बरोबर. सगळ्यांचंच बरोबर, कारण त्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच.

एका पत्रिकेवर मात्र दोन हजार आठशे नव्व्याण्णव.

मास्तरांनी चुकीची खूण केली आणि पान उलटणार तोच थांबले. बाकीचा पेपर स्वच्छ होता, टाइप केल्यासारखं अक्षर, एकही खाडाखोड नाही. इतकं नीट लिहिणारं माणूस एवढ्याशा भागाकारात घसरेल? त्यांनी उलटा हिशेब केला. सहा लाखांना कितीने भागलं की हा आकडा येतो?

दोनशे सात.

दोनशे चौदातून सात वजा. पण स्फोटाचं त्यांनी वर्गात अजून काहीच सांगितलं नव्हतं, सात हा आकडा कुणापुढे उच्चारला नव्हता. भर सकाळी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, त्यांना वाटलं की कुणीतरी मागे उभं राहून कागद वाचतंय. त्यांनी वळून पाहिलं. बायको होती.

"काय झालं? चेहरा का असा पांढराफटक पडलाय?"

"माझ्या वर्गात," मास्तर म्हणाले, "तिथलं कुणीतरी आहे."

पत्रिकेवरचं नाव वाचून त्यांना चेहरा आठवेना. मग आठवला. मागच्या बाकावरच्या बाई. पन्नाशीच्या, चष्म्याच्या, कधी प्रश्न न विचारणाऱ्या. वर्ग सुटला की बाक फडक्याने पुसून जाणाऱ्या.

तो आठवडा कसा गेला ते मास्तरांनाच माहीत. दोनदा त्यांनी संस्थेत फोन करून आजारी असल्याचं सांगायचं ठरवलं, दोनदा फोन खाली ठेवला. शनिवारी त्यांनी कंपनी क्षचं नाव काढलं नाही, भलताच धडा घेतला, आणि अर्ध्या तासात वर्ग सोडून दिला. "बाई, तुम्ही जरा थांबाल?"

माणसं जिना उतरून गेली. खाली यंत्र बंद होतं. बाई मागच्याच बाकावर बसून राहिल्या, म्हणून मास्तर त्यांच्या पुढच्या बाकापर्यंत गेले आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले. उत्तरपत्रिका पुढे ठेवली.

"शेवटचं उत्तर," ते म्हणाले.

"चुकलंय, माहितीये मला," बाई म्हणाल्या. "आकडा दोनशे चौदाच होता. पण सर, मला दोनशे चौदा लिहवेना. पेन पुढे जाईना. मी तिथे टाइम ऑफिसात होते. हजेरीपट माझ्याकडे. त्या दिवसानंतर नवीन हजेरीपट केला तो दोनशे सातचा. दोन महिने चालवला, मग कारखाना बंदच झाला."

"कंपनीचं नाव तर मी दिलं नव्हतं."

"पगाराचा आकडा दिला होतात ना. तो माझ्या हातचा आहे. तीन वेळा बेरीज करून पाठवलेला. स्वतःचं मूल गर्दीत ओळखू येतं, तसा दिसला." त्या थोडं हसल्या. "घाबरले मी आधी. म्हटलं, हे इथे कसं आलं?"

मास्तरांना पाणी प्यावंसं वाटत होतं, पण तांब्या टेबलावर होता.

"तुम्ही हा वर्ग कशासाठी लावलात?" त्यांनी विचारलं.

"एकच गोष्ट कळायला. जे होणार होतं ते कागदावर दिसत होतं का?"

"दिसत होतं."

"तुम्ही शिकवलंत त्यावरून मलाही तसंच वाटलं." बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "आमचा धाकटा भाऊ बॉयलरवर होता, सर. बॉयलर अटेंडंट. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकायचा. वाफ जास्त झाली की तो आपोआप उघडायला हवा, तर हा हातोडीने ठोकून मोकळा करायचा. नवीन व्हॉल्व्हसाठी तीनदा मागणीचा कागद दिला त्याने. चौथ्यांदा द्यायला माझ्या खिडकीशी आला, तेव्हा नोटीस बोर्डावर सर्क्युलर लागलं होतं. मीच टाइप केलेलं, मीच लावलेलं."

"कसलं सर्क्युलर?"

"मालकांनी काढलेलं. बँकेचं पत्र आलं होतं, कर्ज वाढवून दिल्याचं. त्यात आमचं कौतुक होतं. मालक इतके खूश झाले, म्हणाले, हे सगळ्यांना कळू दे. यापुढेही असंच चाललं पाहिजे. माझ्या परवानगीशिवाय एक खिळा विकत घ्यायचा नाही." बाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हटलं, "बँकेने नमूद केल्यानुसार, आपल्या कारखान्यातील दुरुस्ती व देखभाल खर्चावरील नियंत्रण स्तुत्य."

ते पत्र मास्तरांनी पाहिलेलं नव्हतं. मोठ्या साहेबांना शेरा आवडला होता, त्यांनी तो उचलून ग्राहकाच्या पत्रात घातला असणार. फाईल कपाटात गेली नव्हती. फाईल चालत कारखान्यात गेली होती आणि बोर्डावर जाऊन बसली होती.

"स्तुत्य हा शब्द मला टाइप करता येईना," बाई सांगत होत्या. "दोनदा चुकला. म्हणून लक्षात राहिला. आणि भाऊ खिडकीशी आला, तेव्हा मी त्याला काय म्हटलं माहितीये? म्हटलं, अरे, तिकडे बँक आपलं कौतुक करतेय, आणि तू कुठे तुझा व्हॉल्व्ह घेऊन बसलास? थट्टेत म्हटलं. तोही हसला. म्हणाला, ताई, बँकेला सांग एकदा बॉयलरशेजारी जेवायला बस. कागद परत खिशात घालून गेला. त्यानंतर अकरा दिवसांनी."

बाईंनी उत्तरपत्रिकेचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

इतकी वर्षं ज्या वाक्याने मास्तरांना तारलं होतं ते त्यांनी मनातल्या मनात शोधलं. सापडलं नाही. आंधळेपणाने कुणी मरत नाही म्हणे. इथे तर त्यांचा शब्दच दारात उभा राहिला होता आणि त्याने माणसाला मागे फिरवलं होतं.

"सर, तुम्ही बँकेत होतात असं डॉक्टर म्हणत होते," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा. असं कसं लिहितात? कोण लिहितं?"

"असतो एखादा..." मास्तरांनी सुरुवात केली. "बँकेतल्या कुणीतरी..."

ती सवयीची वाट होती. बाई विश्वासाने बघत होत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांना कधीही काही कळलं नसतं. आणखी चार शब्द पुढे ढकलले की प्रसंग टळणार होता. खोलीत कुठेही वाफ नव्हती, तरी मास्तरांच्या कानात तो आवाज चढत गेला.

"मी," ते म्हणाले. "तो शेरा माझा आहे, बाई. ते वाक्य मी लिहिलं. तो शब्द माझा."

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी बाकावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले, जणू बाक तापलं होतं.

"तुम्ही कारखाना बघायला आला होतात?" त्यांनी विचारलं.

"नाही. कागद बघितले."

"बॉयलर बघितला नाहीत."

"नाही."

"सातजणांची नावं?"

"पाठ आहेत. पेपरात वाचून. चेहरे ठाऊक नाहीत. तुमच्या भावाचं नाव तिसरं होतं, पुढे कंसात 'बॉयलर अटेंडंट'." मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मला माफ करा असं म्हणायचाही मला अधिकार नाही."

"माफी मला देता येणार नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "देण्याइतकी माझ्याकडे शिल्लकच नाहीये. मीही त्याला परत पाठवलंच की. तुमचा शब्द आणि माझी थट्टा." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या गच्चीवर कुणी चादरी वाळत घालत होतं. "अठरा हजारांचा होता तो व्हॉल्व्ह. मागणीच्या कागदावर किंमत मीच भरायचे. अठरा हजार."

मास्तरांचे ओठ हलले. अठरा हजार भागिले नव्वद लाख. त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. दुःख होण्याआधीच भागाकार होऊन गेला होता, आणि झाल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली.

बाईंनी ओठ हलताना पाहिले. "किती आलं?"

"बाई, मी मुद्दाम नाही..."

"कळलं मला. किती आलं ते सांगा."

"नफ्याच्या शून्य पूर्णांक दोन टक्के."

"फळ्यावर लिहा."

मास्तर उठले. नऊ बाकं ओलांडून फळ्यापाशी गेले, खाली पडलेला खडू वाकून उचलला आणि लिहिलं. आकडा वाकडा आला, म्हणून पुसून पुन्हा लिहिला. मागे वही उघडल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं तर बाई वहीत तारीख घालत होत्या. मग त्यांनी फळ्यावरचं टिपून घेतलं, खाली रेघ मारली, वही पिशवीत टाकली आणि फडकं काढून बाक पुसलं.

"पुढचा वर्ग शनिवारीच ना?" दारात थांबून त्यांनी विचारलं.

"हो."

"मी येणार आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हीही या."